कुत्र्याच्या क्लेमची फेरतपासणी

पुरावेसाहेबांनी आपल्या आठवणी लिहायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बायकोला झाला. निवृत्त झाल्यापासून साहेबांचं एका जागी बूड टेकत नव्हतं. सकाळी उठले की नळ ठिबकतोय का बघ, दारातल्या चपला जोडीने लाव, फ्रिज बंद केल्यावर आतला दिवा खरंच विझतो का ते तपास, असं दिवसभर चालायचं. (दिवा विझतो. पण एवढं कळण्यासाठी भाजीचा कप्पा बाहेर काढून आत डोकं घालावं लागलं आणि नंतर मान धरली ती वेगळीच.)

"हे बसून लिहायचं असतं ना?" बायकोने आधी खात्री करून घेतली.

"अर्थात."

"मग लिहा. भरपूर लिहा. फक्त स्वयंपाकघरात बसू नका."

साहेबांचं खरं नाव आता बँकेलाच ठाऊक असावं. उभी हयात त्यांनी विमा कंपनीत क्लेम तपासण्यात घालवली. समोरचा माणूस डोळ्यांत पाणी आणून आपलं नुकसान सांगायला लागला, की साहेब चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि एकच शब्द विचारत, "पुरावा?" त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव पुरावेसाहेब पडलं आणि ते नाव घरापर्यंत कधी चालत आलं ते कुणाला कळलं नाही. लग्नानंतर बायको एकदा माहेरी राहून आली आणि लाडात येऊन म्हणाली, "मला तुमची फार आठवण आली." त्यावर साहेबांनी काय विचारलं ते वाचकांनी ओळखलंच असेल. ती पुन्हा तसं काही बोलली नाही.

आठवणी लिहायची कल्पना त्यांच्या लेकीची. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या गोष्टी तुमच्याबरोबर जायला नकोत." हे ऐकून साहेब जरा चपापले, पण मुद्दा त्यांना पटला. टेबल खिडकीशी सरकवलं, कागद आणले, पेनात शाई आहे का ते तीनतीनदा तपासलं आणि लिहिलं, 'माझा जन्म झाला.'

इथेच गाडी अडली. जन्माच्या वेळी आपण हजर होतो हे मान्य, पण शुद्धीवर होतो का? म्हणजे ही झाली ऐकीव माहिती. साहेबांनी ते वाक्य खोडलं आणि उठून गॅसचं बटण तपासून आले.

असे दोनतीन दिवस गेले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, किती लिहून झालं?"

"सुरुवात पक्की करतोय."

"बाकीचं राहू दे. आधी कुत्र्याची गोष्ट लिहा. रविवारी वाढदिवस आहे तुमच्या नातीचा, तेव्हा ती वाचून दाखवायची." मग तिचा आवाज खाली आला. "आमच्या इथे खाली एक कुत्रा येऊन बसायला लागलाय. काही करत नाही बिचारा. पण ही खाली खेळायलाच जात नाही हो. रोज गॅलरीत उभी राहून बाकीच्या मुलांकडे बघत बसते. मी तिला सांगितलं, तुझ्या आजोबांनी एवढ्या मोठ्या कुत्र्यापासून मला वाचवलं होतं. तर म्हणते, आजोबांनी स्वतः लिहिलेलं असेल तर खरं."

हे शेवटचं वाक्य ऐकून साहेबांची छाती फुगली. नात आपल्यावर गेली!

कुत्र्याची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना पाठ होती. संध्याकाळची वेळ. लेक तेव्हा नुकती बोलायला लागलेली, जुन्या घराच्या अंगणात बिस्किट खात उभी. शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाईंचा कुत्रा तिच्या अंगावर धावून येतो. साहेब कामावरून परतताहेत, हातात छत्री. कुंपणाची भिंत ते एका उडीत पार करतात. मागे लेक, पुढे कुत्रा, मध्ये साहेब. कुत्रा पोटरीला चावतो, तरी साहेब जागचे हलत नाहीत. छत्रीचा एकच तडाखा, आणि कुत्रा शेपूट घालून पसार. इथे साहेब पँट वर करून पोटरीवरचा व्रण दाखवत. पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा कुत्रा बेताचाच होता. पण दर लग्नकार्यात तो अंगाने भरत गेला आणि मेहुण्याच्या लग्नापर्यंत चांगला वासराएवढा झाला.

साहेब लिहायला बसले. 'मी उजव्या हातात छत्री घेऊन' इथपर्यंत आले आणि थांबले. छत्री कशाला होती? पाऊस होता का? पाऊस होता तर पोर अंगणात काय करत होती? आणि छत्री उजव्या हातात, तर डबा कुठल्या हातात? आणि दोन्ही हात गुंतलेले असताना भिंतीवरून उडी?

समोर दुसरं कुणी असतं तर साहेबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला असता. सवयीने हात चष्म्याकडे गेलाही. मग त्यांनी पँट वर केली, भिंग आणलं आणि व्रण तपासला. नोकरीत त्यांनी कुत्रा चावल्याचे क्लेम बरेच पाहिले होते. दातांच्या खुणा कशा उमटतात ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. हा व्रण म्हणजे सरळ रेघ होती. कुत्र्याने पट्टी धरून चावा घेतला असेल तरच असा व्रण पडणार, आणि असा कुत्रा त्यांच्या सबंध नोकरीत एकदाही आला नव्हता.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. पण तपास अर्धा सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी पहिला साक्षीदार म्हणून मेहुण्याला फोन लावला.

"ताईच्या अंगणातला कुत्रा ना? तो कसा विसरेन, भावोजी! मीच तर हाकलला त्याला."

"तू?"

"मीच की. काठी घेऊन."

"तू त्या वर्षी इथे होतास?"

"नव्हतो का?"

"तू होस्टेलला होतास."

"असेन. पण काठी मला अगदी स्पष्ट आठवतेय."

ही साक्ष निकालात काढून साहेब मोजपट्टी घेऊन घराबाहेर पडले. "कुठे निघालात?" बायकोने विचारलं. "घटनास्थळी," साहेब म्हणाले. तिने खिडकीशी पडलेल्या जवळजवळ कोऱ्या कागदाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

जुनं घर फार लांब नव्हतं. अंगण होतं तसंच होतं, भिंतही तीच. साहेबांनी पट्टी लावली. भिंत त्यांच्या हनुवटीला लागली. ही भिंत एका उडीत पार करायची तर माणूस एक तर सर्कशीत हवा नाहीतर गोष्टीत. कोपऱ्यात पाण्याची सिमेंटची टाकी होती, वर पत्र्याचं झाकण. टाकीकडे बघून साहेब उगीचच दोन पावलं मागे सरकले. का, ते कळेना. तेवढ्यात घरातून एकजण बाहेर आला आणि त्याने संशयाने विचारलं, "घर विकायला काढलंय की काय मालकांनी?" साहेब पट्टी गुंडाळून सटकले.

समोरच्या शिंप्याचं दुकान अजून चालू होतं. शिंपी म्हातारा झाला होता, पण जीभ तशीच होती.

"तो कुत्रा? अहो साहेब, मी इथून बघितलं, हातातली कात्री तशीच घेऊन धावलो! मला बघताच पळाला तो."

"आणि मी? त्या वेळी मी कुठे होतो?"

शिंप्याने साहेबांकडे बघितलं, मग समोरच्या टाकीकडे बघितलं आणि डबीतल्या चार टाचण्या उचलून तोंडात धरल्या. त्यानंतर साहेबांनी काहीही विचारलं तरी तो नुसतं "हं हं" करत राहिला.

राहिल्या कुत्र्याच्या मालकीणबाई. त्या आता मुलाकडे राहत होत्या, दोन गल्ल्या सोडून. साहेबांनी गोष्ट सांगितली आणि बाईंचा चेहरा लाल झाला.

"चावला? माझा कुत्रा? अहो, तो म्हातारा होता, तोंडात एक दात नव्हता त्याच्या! दुधात पाव कुस्करून द्यायचे मी. वासाने गेला असेल बिस्किटाच्या. आणि तुम्ही इतकी वर्षं त्याची अशी बदनामी करताय?"

"वासराएवढा..."

"मांडीवर घेऊन बसायचे मी त्याला!" बाईंनी डोळे पुसले. "तुमच्या अंगणातून परत आला त्या दिवसापासून मात्र त्याने एक धसका घेतला. चपलेला भ्यायचा. उंबऱ्यात चपला दिसल्या की घरात पाऊल टाकायचा नाही. काय केलं होतंत त्याला कुणास ठाऊक."

साहेब घरी आले ते खालमानेने. बायको टेबलाशी बसून मटार सोलत होती. साहेबांनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

"अगं, तो कुत्रा कुणी हाकलला?"

"कुठला?"

"बाईंचा. आपल्या अंगणातला."

मटार सोलणारे हात थांबले नाहीत. "मी."

साहेबांना हसू आलं. "घ्या! आता तूही? मेहुणा म्हणतो मी, शिंपी म्हणतो मी. आता तुझ्याकडे काय पुरा—"

"तुमची डावी चप्पल."

साहेब खुर्चीत बसले.

"तुम्ही अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होतात," बायको म्हणाली. "पोर तुमच्या पायाशी. कुत्रा फाटकातून आत आला. मी आतून बघते तर खुर्ची आडवी, पेपर जमिनीवर आणि तुम्ही टाकीवर. चढताना पोटरीला पत्रा लागला तुमच्या. डावी चप्पल खाली पडली होती. मी तीच उचलली आणि घातली त्याच्या पाठीत. गेला केकाटत."

"आणि छत्री?"

"भर उन्हाळ्यात कसली छत्री?"

"मी काय करत होतो मग?"

"'हाड हाड' करत होतात. वरून." तिला त्यांची दया आली असावी. "आवाज मात्र चांगला मोठा होता."

तळहाताखाली तापलेलं सिमेंट, पत्र्याचा चटका, खाली बिस्किट धरून उभं असलेलं एवढंसं पोर, सगळं साहेबांना आता एकदम आठवलं. दुपारी टाकी बघून आपण मागे का सरकलो तेही कळलं. पोटच्या पोरीला खाली सोडून आपण वर चढलो! त्यांना बायकोकडे बघवेना.

"इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पुरावा मागितला असतात." तिने शेंगा बाजूला ठेवल्या. "आणि खरं सांगू? ती गोष्ट तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत तेव्हा लेक तुमच्या मांडीवर होती. तुमच्याकडे अशी बघत होती, की मी म्हटलं, असू दे. आपलं काय जातंय? नंतर नंतर तर तुमचा इतका विश्वास बसला त्या गोष्टीवर, की मलाच कधी कधी छत्री दिसायची."

त्यानंतर साहेबांना चैन पडेना. ते लिहायला बसत आणि उठत. नळ तपासून झाला, गॅस तपासून झाला, चपला जोडीने लावायला गेले तर चपलांकडे बघवेना. जुनी गोष्ट लिहावी तर नात म्हणणार, आजोबांनी लिहिलंय म्हणजे खरं. खरी लिहावी तर लेकीच्या डोळ्यांतलं ते बघणं कायमचं जाणार, आणि नातीला धीर द्यायला उरणार काय? टाकी?

"जुनीच लिहा," बायको म्हणाली. "पोरीला हवीय तशी. कोण तपासायला येतंय?"

नेमकं हेच साहेबांना बोचलं. त्यांना एक जुना क्लेमवाला आठवला. आपण जळत्या दुकानात शिरून माल बाहेर काढला असं तो शपथेवर सांगत होता आणि साहेबांनी पुरावे मांडून त्याला खोटा ठरवला होता. तो जाताना म्हणाला होता, "पण साहेब, मला तसंच आठवतंय हो." तेव्हा साहेब हसले होते. आज त्यांना त्याची माफी मागावीशी वाटली.

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. दुसरी भाषा येतच नव्हती, म्हणून ऑफिसच्या भाषेत लिहिलं. लिहिता लिहिता ते एकदाही उठले नाहीत. बायको दोनदा दारातून डोकावून गेली, की हे बरे आहेत ना.

रविवारी केक कापून झाला, पाहुणे गेले आणि घरचीच माणसं उरली. नात जावयाच्या मांडीवर जाऊन बसली. लेक साहेबांच्या समोर, हनुवटीखाली हात घेऊन, अगदी लहानपणी बसायची तशी. साहेबांनी घडी घातलेला कागद उघडला. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'फेरतपासणीत असं आढळून आलं, की घटनेच्या वेळी अर्जदार, म्हणजे मी, टाकीवर होतो. भिंत हनुवटीएवढी उंच असून तिच्यावरून उडी मारल्याचा दावा फेटाळण्यात येत आहे. छत्री नव्हती. कुत्रा वासराएवढा नव्हता. त्याला दात नव्हते, त्यामुळे तो चावलाही नव्हता. व्रण पत्र्याचा आहे. मुलीचं रक्षण तिच्या आईने केलं. बचावकार्यात माझा सहभाग : एक चप्पल, डावी.'"

साहेबांनी कागद खाली ठेवला आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "मी घाबरलो होतो, बाळ. तुला खाली सोडून गेलो. मला खरंच दुसरंच आठवत होतं."

लेकीने विचारलं, "बाबा, तुमची पँट करड्या रंगाची होती का?"

"असेल. का?"

"आणि एक पाय उघडा. वरून लोंबणारे दोन पाय, एकात चप्पल, एक उघडा." ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, माझी सगळ्यात जुनी आठवण आहे ती! मला वाटायचं, स्वप्न असणार. कुणाला सांगितलं नाही, लोक वेड्यात काढतील म्हणून. तुमच्या गोष्टीत कधी पाय आलेच नाहीत ना." तिने साहेबांचा हात घट्ट धरला. "म्हणजे माझं खरं होतं तर."

साहेब नुसती मान हलवत राहिले.

नातीला मात्र रडण्याहसण्यात रस नव्हता. ती मांडीवरून उतरून साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही खूप घाबरलात?"

"खूप."

"माझ्याएवढे?"

"तुझ्याहून जास्त. तू नुसती गॅलरीत उभी राहतेस. मी टाकीवर चढलो."

नातीने यावर बराच विचार केला. "आणि आजी नाही घाबरली?"

"घाबरले की," आजी म्हणाली. "पण हातात चप्पल होती ना."

नात दाराकडे गेली. थोड्या वेळाने बाहेरचं दार लोटल्याचा आवाज आला म्हणून सगळे गॅलरीत धावले. ती खाली पोचली होती. दोन्ही हातांत साहेबांची डावी चप्पल छातीशी घट्ट धरलेली. कुत्रा उठला, जवळ आला, त्याने चप्पल हुंगली, शेपूट हलवली आणि पुन्हा जाऊन लोळला. नात जराशी थांबली. मग चप्पल काखेत मारून घसरगुंडीकडे पळाली.

लेकीने डोळे पुसले. साहेबांनीही पुसले, पण चष्मा पुसल्याचं दाखवत.

घरी निघायची वेळ झाली तेव्हा अडचण आली. नात चप्पल परत द्यायला तयार होईना. "उद्या पण लागेल ना मला," असं म्हणून ती चप्पल पोटाशी धरून पलंगावर जाऊन बसली. जावयाच्या चपला साहेबांच्या पायात शिरेनात. शेवटी साहेब म्हणाले, राहू दे, जवळच तर जायचंय.

उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा, असे साहेब लंगडत निघाले. शेजारी बायको.

"त्या दिवशीही असेच घरात आला होतात," ती म्हणाली.

"हो का?" साहेब म्हणाले. पुरावा मागितला नाही. उलट त्यांना हलकं वाटत होतं, आणि आता पुढचं प्रकरण लिहायला घ्यावं असं मनात येत होतं. या वेळी मात्र आधी बायकोला विचारून.

वाट शिंप्याच्या दुकानावरून जात होती. शिंपी दुकान बंद करून कुलूप लावत होता. त्याने वळून साहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. उघड्या पायाशी त्याची नजर थांबली. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

"काय साहेब," तो म्हणाला, "परत टाकी?"